पुकारुमीचे एकोणीस मीटर

याक्सामायो, १४ ऑक्टोबर २०१८

नेली, पोरी,

तुझं सरकार एकदाचं डोंगर चढून आलं. महिनाभर नुसती खणाखणी. झऱ्यापासून टाकीपर्यंत नवा निळा पाइप टाकला, टाकीत पातळी मोजणारं यंत्र सोडलं, घरोघर मीटर बसवले. चर्चच्या मागे टॉवरही उभा राहिलाय. मी अमादोरला विचारलं, आता तरी इथे मोबाइल लागतील का रे? तो म्हणाला, "सातुर्निनाताई, हा टॉवर फक्त मीटरशी बोलतो, माणसांशी नाही." म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखाच! पाणी समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो तरी माणसांशी कुठे बोलतोय?

बरं वाटलं, खोटं नाही सांगत. खालच्या आळीत पहिल्यांदा दिवसभर पाणी आलं. बायका नळाला हात लावून लावून बघत होत्या. माझं पाणी सोडायचं, गळती शोधायचं काम मात्र गेल्यातच जमा. झडप आता खालून कॉम्प्युटरवरून उघडते, आणि गळती कुठे आहे तेही तोच सांगतो म्हणे. ओफेलिया समितीच्या कचेरीत बसून पडद्याकडे बघते. पडदा हिरवा, म्हणजे सगळं ठीक. मी तरी रोज सकाळी लाकडी दांडा घेऊन निघते. कान गेले तरी दांड्याचं एक टोक पाइपाला आणि दुसरं जबड्याला लावलं की पाइपातलं पाणी मला अजून स्वच्छ ऐकू येतं. पोरं हसतात. हसू देत.

एक विचारायचं होतं. टाकीजवळच्या खोलीत एक खोकं उरलंय. त्यात एकोणीस मीटर आहेत. अमादोरला वाटलं जादाचे असतील. पण प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आहे. पहिल्यावर लिहिलंय, "रोसेन्दा पाउकार, पुकारुमी."

पोरी, ती तुझी आई. माझी धाकटी बहीण. पुकारुमी त्र्याऐंशी साली कड्याखाली गेलं, एकोणीस घरं, आणि त्यातलं एकही माणूस वर आलं नाही. मग त्यांना मीटर कुणी पाठवले?

तुझी मावशी


लिमा, २३ ऑक्टोबर २०१८

मावशी,

पत्र वाचून हसू आलं. अमादोरकाकांना एवढं टोचून बोलू नकोस, त्यांच्या सह्या झाल्या म्हणून काम लवकर मार्गी लागलं.

खोक्याचं मनावर घेऊ नकोस. कॉम्प्युटरमध्ये ब्याऐंशी सालची घरपट्टीची जुनी यादी होती, तिच्यातली नावं चुकून ओढली गेली असणार. असं होतं. मीटर खोलीतच राहू दे, कुणाला दाखवू नकोस. खास करून पाहणीला येणाऱ्या लोकांना.

आपल्याकडचे ओलुकोचे कंद खाऊन वर्ष झालं. बसवाल्याकडे थोडे पाठव.

तुझी नेलिदा


याक्सामायो, ११ नोव्हेंबर २०१८

नेली,

ओलुको पाठवलेत, वर मुन्याच्या पाल्याची जुडी आहे. पोट बिघडलं की उकळून घे.

उद्घाटन झालं. राजधानीतून तीन माणसं आली. बँड वाजला, गिनिपिग भाजले, अमादोरनं एवढं लांब भाषण केलं की पाहुण्यांतला एक उभ्या उभ्या पेंगला. मी खोक्यावर रिकामी पोती टाकून ठेवली होती. तू सांगितलंस म्हणून.

पण परवा ओफेलिया धापा टाकत वर आली. माझ्यासमोर उभी राहून हळूहळू बोलली, मला ओठ वाचता यावेत म्हणून. "मावशी, खोकं कुठेय?" मी पोती काढली. तिनं एक मीटर उचलला, उलटसुलट केला आणि घाबरून खाली ठेवला. तिच्या पडद्यावर एकोणिसांतही पाणी वाहतंय. कुठल्याच पाइपला न जोडलेल्या, खोक्यातल्या मीटरांतून.

मी स्वतः बघितलं. आकडे बदलत होते. सगळे एकदम नाही. एकाचा बदलला, मग थांबला. मग दुसऱ्याचा. घरात कुणी तांब्याभर पाणी घ्यावं, मग कुणी हात धुवावेत, तसं.

अमादोर म्हणतो यंत्र बिघडलंय, आणि कुणाला सांगू नका, सरकारी पैशाचा दुसरा हप्ता अडकेल. तू काय म्हणतेस?

तुझी मावशी


लिमा, २० नोव्हेंबर २०१८

मावशी,

यंत्रच बिघडलंय. या जातीचे मीटर जवळजवळ ठेवले की एकमेकांचे संदेश पकडतात, आम्हाला ठाऊक आहे ते. बॅटरी आत सीलबंद असते, काढता येत नाही. खोकं पत्र्याच्या पेटीत ठेव, कुलूप लाव, म्हणजे संदेश बाहेर जाणार नाहीत.

दुसरा हप्ता मंजूर झाला आहे. आमच्या साहेबांनी तुमचं गाव नमुना म्हणून सगळ्यांना दाखवलं. पाणी आत येतं तेवढंच घरोघर मोजलं जातं, थेंबाची गळती नाही. आजवर कुठल्याच गावाचा हिशेब असा जुळला नव्हता. तुला अभिमान वाटायला हवा.

नेलिदा


याक्सामायो, ९ डिसेंबर २०१८

नेली,

पेटीत ठेवले. कुलूप लावलं. ओफेलियाच्या पडद्यावर आकडे येतच राहिले.

आता मी सांगते ते रागावून फाडू नकोस. मी रोज सकाळी पेटी उघडून बसते. घरोघरचं पाणी ऐकत ही हाडं म्हातारी झालीत. कुठल्या घरात कोण कधी उठतं, कोण कपडे धुतं, कोणाचा नळ गळतो, हे मला माणसाचा चेहरा बघावा तसं कळतं. तू कॉम्प्युटर शिकलीस, मी हे शिकले.

सात नंबरचं पाणी सकाळी सहाला येतं आणि बराच वेळ चालतं. सात नंबर म्हणजे तेओफिलाचं घर. ती चिचासाठी, मक्याच्या दारूसाठी, मका भिजवायची. बारा नंबर फक्त मंगळवारी. तिथे लोकर रंगवायचे, मंगळवारी. पंधराव्यात आठवडाभर काही नाही आणि रविवारी दुपारी एकदम भरपूर. तो लिबोरियो ग, आठवड्यातून एकदा अंघोळ करणारा. मला हसू आलं आणि मग अंगावर काटा आला.

एक नंबरचं पाणी थोडं थोडं येतं. घोटभर. थांबतं. परत घोटभर. परवा सकाळी तासाभरात अकरा वेळा. मी तो मीटर उचलून जबड्याला लावला. पोरी, आत पाणी वाजत होतं. आणि मला आठवलं, त्या शेवटच्या आठवड्यात तुला गोवर निघाला होता. तू पाच वर्षांची. रोसेन्दा फडकं भिजवायची, तुझ्या कपाळावर ठेवायची, परत भिजवायची. मग माझ्याकडे ऊब जास्त म्हणून तुला घोंगडीत गुंडाळून माझ्या घरी आणून सोडलं, आणि संध्याकाळी येते म्हणून परत गेली.

ती अजून फडकं भिजवतेय, नेली.

तुझी मावशी


लिमा, ४ जानेवारी २०१९

मावशी,

तुझं पत्र तीन आठवडे पिशवीत घेऊन फिरले. नाताळात कुणाकडे गेले नाही.

खोटं बोलले मी. कॉम्प्युटरनं काही चुकून ओढलं नाही. अनुदानाला किमान एकशे वीस घरं लागतात. तुमची भरतात एकशे चार. चार वर्षं तुमचा अर्ज माझ्याच टेबलावरून परत जात होता आणि खालच्या आळीतली पोरं गढूळ पाणी पिऊन आजारी पडत होती. एका दुपारी मी जुनी यादी काढली आणि एकोणीस नावं माझ्या हातानं टाइप केली. आईचं सगळ्यात आधी. वाटलं, मेलेल्यांचं काय जातंय? जिवंतांना पाणी मिळेल. अमादोरकाकांना माहीत होतं. त्यांनी सही केली.

आता तपासणी आहे, म्हणून कालच ती एकोणीस नावं मी यंत्रणेतून काढून टाकली. ओफेलियाच्या पडद्यावर आता दिसणार नाहीत. तू ती पेटी कुठे तरी पुरून टाक. आणि आईबद्दल परत असं लिहू नकोस. मला झोपेतसुद्धा फडकं पिळल्याचा आवाज येतो.

नेलिदा


याक्सामायो, १९ जानेवारी २०१९

पोरी,

नाही रागावले. आधी पाणी आलं म्हणून नाचले होते, आता कुठल्या तोंडानं रागावू?

तू कबूल केलंस, आता माझं ऐक. छत्तीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही. त्या फेब्रुवारीत मी तुझ्या काकांबरोबर, माझ्या नवऱ्याबरोबर, टाकीवर जायची. पुकारुमी गाडलं गेलं त्याच्या आदल्या दिवशी मी दांडा लावला, तेव्हा पाइपाच्या खाली, मातीत पाणी वाजत होतं. जिथे वाजायला नको तिथे. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सण आहे, लोकांच्या आनंदावर माती कशाला घालतेस?" आणि मी गप्प बसले. सकाळी तुला माझ्या दारात सोडायला रोसेन्दा आली, तेव्हाही गप्प बसले. तिला हाताला धरून आत ओढता आलं असतं. मी म्हटलं, संध्याकाळी ये, सूप करते.

पेटी पुरली नाही. पुरणार नाही.

इथे पाऊस थांबत नाहीये. खालच्या आळीत घरांच्या मागच्या भिंती आतून ओल्या झाल्यात, पावसाचं पाणी लागत नाही तिथेही. ओफेलिया सांगते, तू नावं काढलीस त्याच दिवशी पडद्यावर लाल दिवा लागला होता. अमादोरनं तुमच्या कार्यालयाला कळवलं, आणि चार दिवसांनी तो परत हिरवा झाला. तो खूश आहे. मी नाही. दिवा कुणी हिरवा केला?

मावशी


लिमा, २९ जानेवारी २०१९, सकाळ

मावशी,

मी केला.

ऐक, घाईत लिहितेय, आजच्या बसने हे पत्र जाईल आणि उद्याच्या बसने मी. यंत्रणा एवढंच बघते, झऱ्यातून किती पाणी निघालं आणि घरोघर किती पोचलं. फरक पडला तर लाल. एकोणीस नावं असताना फरक शून्य होता. ती काढल्यावर जो फरक निघाला तो बरोबर त्या एकोणीस घरांएवढा होता. मला वाटलं, माझी लबाडी पडद्यावर आली. तपासनीस येईपर्यंत गळतीचा इशाराच बंद करून टाकला.

काल तुझं पत्र मिळालं. ओल्या भिंतींचं वाचलं. मावशी, ते पाणी खरं होतं. मीटर खोक्यात होते, पण तेवढं पाणी नोव्हेंबरपासून रोज नव्या पाइपातून कुठे तरी जात होतं. ते कड्यात मुरतंय. पुकारुमीच्या अंगावर जो कडा आला त्याच्याच उरलेल्या अर्ध्या भागात, खालच्या आळीच्या डोक्यावर.

समितीचा फोन पावसानं बंद आहे. प्रांताच्या आपत्ती कचेरीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "याक्सामायो? तुमचा पडदा तर हिरवा दिसतोय, मॅडम." मी इशारा परत चालू केलाय, पण तिकडची लाइन गेली असेल तर तुमच्या पडद्यावर तो दिसणारही नाही.

खालची आळी रिकामी कर. कुणी ऐकलं नाही तर शिव्या दे, पण रिकामी कर.

नेली


याक्सामायो, ३ फेब्रुवारी २०१९

नेली,

रस्ता तुटलाय, तू पलीकडेच अडकली असशील. हे पत्र एक माणूस पायवाटेनं खाली नेतोय. तुझं त्यानंच आज वर आणलं. उशीर झाला होता.

तीस तारखेची गोष्ट. सकाळी नऊला मी पेटी उघडली, आणि एकोणीसच्या एकोणीस मीटर पळत होते. पहिल्यांदाच सगळे एकत्र. आकडे डोळ्यांना दिसेनात इतके जोरात. घरातली सगळी भांडी, हंडे, मडकी भरून घ्यावीत, उद्या पाणी मिळणार नाही म्हणून, तसे. मी दांडा उचलला आणि कड्याच्या पायथ्याशी जमिनीला लावला.

तोच आवाज. छत्तीस वर्षांपूर्वीचा.

या वेळी गप्प बसले नाही. चर्चची घंटा बडवली, मला ती ऐकू येत नाही म्हणून हात सोलेपर्यंत बडवली. मग घरोघर गेले. लोक म्हणाले, "मावशी, पडदा हिरवा आहे." कुणाला मेलेल्यांचे मीटर सांगून पटणार होतं? म्हणून मी खरं सांगितलं. प्रत्येक दारात. "त्र्याऐंशी साली मी ऐकलं होतं आणि बोलले नाही. तुमची माणसं माझ्यामुळे गेली. आता परत ऐकलंय." ओफेलियाची आई माझ्या तोंडावर थुंकली. तिचे दोन भाऊ पुकारुमीत होते. थुंकली, आणि मग पोरांना काखेत मारून वर चढायला लागली. तिला बघून बाकीचे निघाले. एकतीस घरं.

अमादोरही वर आला होता. पण त्याच्या मनाला पटेना. म्हणाला, "ताई, एकदा पडदा बघून येतो. लाल असेल तर तुमच्या पाया पडेन." मी त्याची बाही धरली. त्यानं सोडवून घेतली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तो धावत खाली कचेरीकडे गेला.

बाराला दहा कमी असताना कडा सुटला. मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त पायांखालून कळलं, आणि बघितलं तर खालच्या आळीच्या जागी धूर होता, मातीचा. अमादोर परवा सापडला. कचेरीत, खुर्चीत, पडद्यासमोर. ओफेलिया म्हणते, तिनं कचेरी सोडली तेव्हा पडदा हिरवाच होता.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. न लिहिता राहवेना.

मावशी


लिमा, २२ फेब्रुवारी २०१९

मावशी,

तुटलेल्या रस्त्याच्या अलीकडे तीन दिवस बसून होते. पलीकडे चिखल दिसत होता, तुम्ही दिसत नव्हता. मग परत आले.

सगळं लिहून दिलं. एकोणीस नावं, इशारा बंद केला ते, लाल दिवा लागला त्याच दिवशी तिकडे माणूस पाठवायला हवा होता तेही. साहेब म्हणाले, पाइपाचा सांधा ठेकेदारानं नीट जोडला नव्हता, तू सगळं स्वतःवर का घेतेस? मी म्हटलं, सांधा त्याचा, हिरवा रंग माझा. कामावरून काढलंय. चौकशी चालेल, बोलावतील तेव्हा जाईन.

अमादोरकाकांच्या बायकोला पत्र लिहायला बसते आणि नावाच्या पुढे काही सुचत नाही.

मला तिकडे यायचं आहे. येऊ का? कुणी दारात उभं करेल का?

नेली


याक्सामायो, १७ मार्च २०१९

नेली,

गावाची बैठक झाली. तुझं पत्र मी ओफेलियाला मोठ्यानं वाचायला लावलं, विचारलं नाही तुला. अर्धे लोक म्हणाले, तिला इथे पाय ठेवू देऊ नका. अर्धे म्हणाले, तिला पाइप कळतो, येऊ दे आणि खणू दे. अमादोरची बायको शेवटी म्हणाली, "येऊ दे. मला तिला समोर बघायचंय." याचा अर्थ काय तो तू येऊन समज. मी सांगू शकत नाही.

खरी घरं आता त्र्याहत्तर. त्र्याहत्तर घरांना कुठलंच सरकार अनुदान देत नाही. म्हणून आम्हीच खणतोय, झऱ्यापासून दुसऱ्या बाजूनं, कड्याला न शिवता. घरटी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस.

पहिल्या दिवशी हजेरी घेतली. ओफेलियाच्या झोळीत एकच यादी उरली होती, ती तुमची जुनी छापील. ती वाचत गेली आणि लोक "हजर" म्हणत गेले. शेवटच्या पानावर आली आणि थांबली. तिथे पुकारुमी सुरू होत होतं. ती पान मिटणार होती, पण तिच्या आईनं मान हलवली, वाच म्हणून.

तिनं वाचलं, "रोसेन्दा पाउकार." मी हात वर केला. म्हटलं, हजर. कुणी हसलं नाही. पुढचं नाव आलं, त्याच्या पुतण्यानं "हजर" म्हटलं. मग तेओफिलाची सून. मग ओफेलियाची आई, दोनदा, दोन भावांसाठी. अठरा नावांना कुणी ना कुणी होतं.

एकोणिसावं नाव मेल्चोर कुसी. एकटा माणूस, ना बायको ना पोर, कुठून आला होता तेही कुणाला माहीत नव्हतं. ओफेलियानं नाव वाचलं. सगळे गप्प. मग तिनं मान डोलावली, पेन्सिलनं खूण केली आणि यादी मिटली. इतरांनीही फावडी उचलली, सगळं रीतसर झाल्यासारखं.

नंतर मी तिला विचारलं, मेल्चोरच्या नावावर खूण का केलीस? ती म्हणाली, "का म्हणजे? कुणी तरी हजर म्हणालं की. तुमच्याच बाजूनं आवाज आला."

पोरी, मी तेव्हा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. कुणाचेच ओठ हलले नव्हते.

आपल्या घराची पाळी गुरुवारी असते. फावडं आहे. बूट तेवढे जाड तळव्याचे आण, वर चिखल फार आहे.

तुझी मावशी